सहा अक्षरांत बसणारं नाव

माझ्या यजमानांचा आवाज मला आठवेनासा झाला आहे. एका वाक्यात लिहून टाकलं ते बरं झालं, नाहीतर चार पानं भरली असती आणि मुद्दा राहिलाच असता.

हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. चेहरा आठवतो. चालणं आठवतं. सोल्डरच्या थेंबांनी शर्टाला पडलेली बारीक बारीक भोकंही आठवतात. आवाज तेवढा कुठे गेला कोण जाणे. मोबाइलमध्ये माणसांचे आवाज साठवायचे दिवस यायच्या आधीच हे गेले, त्यामुळे माझ्याकडे लग्नाचा अल्बम आहे, आणि अल्बममधली माणसं काही बोलत नाहीत.

भाईंदरला जेसल पार्कच्या या घरात मला दुपारी हाक ऐकू येते. गॅलरीकडून, माझ्या माहेरच्या नावाने. पूर्वी ती यांच्याच आवाजात यायची. आता हाक येते, नाव स्पष्ट कळतं, पण आवाज कुणाचाच नसतो. तरी मी उठून जाते. गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतात आणि समोरच्या बिल्डिंगच्या एसीचं पाणी ठिबकत असतं. मुलगी म्हणाली, "आई, कान तपासून घे." तपासले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला छानच ऐकू येतं. म्हणजे दोष कानात नाही, हाकेत आहे. भीती वाटते ती हाकेची नाही. उद्या हीसुद्धा यायची बंद झाली तर, याची वाटते.

माहेरच्या नावाचं आधी सांगते. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. यांनीही लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं होतं, आणि चांगलं होतं. त्याच नावाने पुढे माझं रेशनकार्ड झालं, बँकेचं खातं झालं, आधारकार्ड झालं. सासरचे, शेजारचे, सगळे तेच नाव घेत. जुन्या नावाने हाक मारणारे उरले माझे आई-वडील, माझा भाऊ आणि हे. तांदळात स्वतःच्या बोटाने नवं नाव लिहिणारा हा माणूस दुसऱ्या दिवसापासून मला जुन्याच नावाने बोलवू लागला. आई-वडील गेले, भाऊ गेला, हेही गेले. आज या जगात त्या नावाने मला हाक मारेल असा एकही माणूस नाही. मुलीला ते नाव माहीत आहे, पण ती मला आईच म्हणणार.

आमची ओळख गाळ्यातली. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश व्हायचं आणि वरच्या गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर जुळवायचो. घरात टीव्हीला जोडायचे, कीबोर्डमध्येच सगळं सामावलेले ते छोटे कॉम्प्युटर. आम्ही सहा-सात मुली सोल्डरिंगला, म्हणजे वितळलेल्या कथलाने सुटे भाग बोर्डाला जोडायला होतो. हे डिप्लोमा करून आलेले, रत्नागिरीकडचे, बोर्ड तपासायला बसत. खाडीवरून खारा वारा यायचा आणि काल लावलेला सांधा आज हिरवा पडायचा. मग हे आमच्या टेबलाशी येऊन उभे राहत आणि वाऱ्याचा राग आमच्यावर काढत. मी एकदा म्हटलं, "खिडकी मी नाही बांधली." तिथून आमचं सुरू झालं.

मायक्रोप्रोसेसरला आम्ही मुली गोम म्हणायचो. काळी लांबट चिप, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय. गाळ्यात तेव्हा तीन-चार जातींच्या गोमा यायच्या आणि त्यांच्यावरून पुरुषमाणसं निवडणुकीवरून भांडावीत तशी भांडायची. एक होती ६५०२. ती इतकी स्वस्त निघाली की परदेशात कॉलेजची पोरंसुद्धा खिशातल्या पैशातून घेऊन घरी कॉम्प्युटर बनवू लागली. एक झेड-एटी. तिच्या आधीची जी नावाजलेली चिप होती, तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम ही तसेच्या तसे चालवायची, वर मेमरी सांभाळायचं कामही स्वतःच करायची, म्हणजे बोर्डावर चार चिपा कमी लागत. मग आली ८०८८. आतून रुंद, बाहेरून अरुंद. एका वेळी सोळा बिटांचा विचार करायची, पण दारातून आठच बाहेर सोडायची. आणि या सगळ्यांपेक्षा मोठी ६८०००. तिला चौसष्ट पाय होते. टेबलावर ठेवली की बाकीच्या गोमा तिच्यापुढे पोरकट वाटायच्या.

यांचा जीव त्या चौसष्ट पायवालीवर जडलेला. म्हणायचे, "ही कोऱ्या कागदावर आखलेली चिप आहे. मागचं काहीही घेऊन आलेली नाही. बाकीच्या सगळ्या जुन्याला ठिगळं लावून केल्यात." ८०८८ वर तर यांचा विशेष राग होता. जुन्यांचं ओझं वाहणारी, दाराशी अडखळणारी. पुढचं जग ६८००० चं आहे, हे इतक्या खात्रीने सांगायचे की ऐकणाऱ्याला आपण उगाच मागे राहिलो असं वाटावं.

पुढचं जग कुणाचं झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ती मोठी चिप चालली नाही असं नाही. चांगल्या, महागड्या मशिनांत ती बसली आणि तिथे शोभलीही. पण ऑफिसात, दुकानात, शाळेत गेली ती दुसरीच. का गेली, यावर मी इतकी वर्षं विचार केला आहे. मी इंजिनियर नाही, पण हजारो पाय सोल्डर केले आहेत, तेव्हा मला थोडं बोलू द्या.

चांगलं काय, यावर ठरत नाही. बाजारात मिळतं काय, यावर ठरतं. आमचा माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात जायचा आणि परत येताना पिशवीत जे असेल त्यावर पुढचा महिना आमचा गाळा चालायचा. झेड-एटी नेहमी मिळायची, कारण ती बनवणारे एकापेक्षा जास्त होते. एकाकडे नसली तर दुसऱ्याकडे. ६८००० साठी वाट बघावी लागायची, आणि आली की तिच्याबरोबर रुंद बोर्ड हवा, जास्त मेमरी हवी, सगळाच थाट हवा. ८०८८ तशी नव्हती. ती नव्या सुनेसारखी आली आणि घरातल्याच भांड्यांत स्वयंपाकाला लागली. जुन्या आठ बिटांच्या चिपांबरोबर जे स्वस्त सुटे भाग वापरात होते, तेच तिला चालायचे. जुने प्रोग्राम थोडी डागडुजी करून तिच्यावर आणता यायचे. मग एका मोठ्या कंपनीने तिला उचललं, त्या मशिनची नक्कल बाकीच्यांनी केली, आणि एकदा सगळ्यांचे प्रोग्राम तिच्यावर झाले म्हटल्यावर तिला घराबाहेर कोण काढणार? लोकांना वेगवान चिप हवी असते हे खरं. पण हातात आहे ते फेकून द्यायला लावणारी चिप कुणालाच नको असते. यांना हे कधी पटलं नाही.

मी चिडवायचे. "चिपने जुनं सगळं विसरावं म्हणता, आणि बायकोचं जुनं नाव मात्र तुमच्या तोंडातून जात नाही." यावर हे हसायचे. हसणं कसं होतं ते आठवतं, म्हणजे दात आठवतात, खांदे हलायचे ते आठवतं. आवाज नाही.

घरीही एक मशिन होतं, गाळ्यातलं नापास झालेलं, यांनी दुरुस्त करून आणलेलं. आतली चिप अर्थात झेड-एटी. आवडती चिप परवडत नव्हती, म्हणून हिच्याबरोबर संसार. रात्रीचं जेवण आटपलं की बैठक मांडायचे. दुकानाच्या मालाचा हिशेब करणारा, शाळेच्या मार्कांची बेरीज करणारा, असले प्रोग्राम लिहायचे आणि कॅसेटवर साठवायचे. हो, गाण्यांच्या कॅसेटवर. तेव्हा तसंच असायचं. टेपरेकॉर्डर वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा आणि प्रोग्राम आवाज होऊन टेपवर उतरायचा, भयंकर चिरका. प्रत्येक प्रोग्रामला नाव द्यावं लागे, आणि त्या मशिनमध्ये नावाला इंग्रजी सहाच अक्षरं चालत. यांनी प्रत्येक प्रोग्रामला माझं माहेरचं नाव दिलं. सासूबाईंनी एकदा स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, "हे काय? तांदळात लिहिलेलं नाव कुठं गेलं?" हे शांतपणे म्हणाले, "आई, ते सहा अक्षरांत बसत नाही." ते खरंही होतं. सासूबाईंचा विश्वास बसला नाही, पण मशिनशी भांडणार कोण?

टेपवर प्रोग्राम कुठे सुरू होतो हे कळावं म्हणून आधी तोंडाने सांगून ठेवायची पद्धत होती. वायर लावली की रेकॉर्डरचा माइक बंद पडायचा. म्हणून आधी वायर काढायची, नाव आणि नंबर बोलायचा, मग वायर लावून प्रोग्राम उतरवायचा. मला पक्कं आठवत होतं की हे बोलायचे. वाकून, रेकॉर्डरला तोंड लावून, आधी माझं नाव आणि मग आकडा. म्हणजे यांच्या आवाजात माझं नाव कुठेतरी होतं, आणि ते माळ्यावर होतं.

ही आठवण झाली तीही अशीच. मुलीने लॅपटॉप सुरू केला होता आणि ती सहज बोलून गेली की त्या ८०८८ च्या घराण्यातली आजची चिपसुद्धा, कितीही नवी असली तरी, बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी त्या जुन्या चिपसारखीच जागी होते. तेवढंच तिला येतं, तेवढीच मेमरी तिला दिसते. मग तिला सांगावं लागतं की अगं, काळ बदललाय, तू आता मोठी झालीस. क्षणभराचं काम, बघणाऱ्याला कळतही नाही. मुलगी हे गंमत म्हणून सांगत होती. मी उठून आत गेले, कारण मला रडू आलं. मीसुद्धा रोज सकाळी पहिल्या क्षणी तीच जुनी असते, माहेरच्या नावाची, आणि शेजारी कुणीतरी झोपलेलं असतं. नंतर मला कुणी काही सांगत नाही, माझं मलाच समजतं. त्या दिवशी मी मुलीला म्हटलं, माळ्यावरचा डबा काढ.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीन कॅसेटी निघाल्या. रेकॉर्डरही निघाला, पण आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. मुलगी म्हणाली, "आई, डिजिटाइझ करून देणारे लोक असतात, कुरिअर करूया." मी म्हटलं, कुरिअरने मी यांना कुठेही पाठवणार नाही. मग तिने रिक्षावाल्यांना, दुकानदारांना विचारून विचारून काशीमीऱ्याचा एक गॅरेजवाला शोधून काढला. ट्रकचं वायरिंग करणारा, तिथल्याच पेणकरपाड्याचा जुना माणूस, माझ्याहून थोडा लहान. त्याच्याकडे जुन्या ट्रकांतून काढलेले टेप होते.

आम्ही सकाळीच गेलो. त्याने कॅसेट उन्हाला धरली आणि मान हलवली. "ताई, बुरशी हाय. टेप खाऊन टाकंल. ग्यारंटी न्हाय हां." मी म्हटलं, "चालेल." चालणार नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार? बाहेर हायवेवरच्या कंटेनरांनी जमीन हादरत होती, म्हणून त्याने आम्हाला दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं, बॅटरीला वायरी जोडल्या आणि दार लावून घेतलं. डॅशबोर्डवर देवाची तसबीर, सुकलेला हार, मी मधे, मुलगी खिडकीशी, तो स्टिअरिंगवर.

पहिल्या कॅसेटच्या सुरुवातीला बुरशीची नुसती खरखर होती, मग तो चिरका आवाज आला आणि गॅरेजवाला दचकला. "आयला, ह्यात काय भूत भरलंय काय?" मुलगी त्याला समजावू लागली की हा प्रोग्राम आहे. मी ऐकत होते. त्या किंचाळण्याच्या सुरुवातीलाच कुठेतरी माझं नाव होतं, यांनी बोटांनी टाइप केलेलं. ते ऐकायला माझ्याकडे कान नव्हता. मी वाट बघत होते माणसाच्या आवाजाची. तेवढ्यात आवाज घोगरा झाला, लांबत गेला, आणि टेप अडकला. त्याने हळूच कॅसेट ओढली, तर तपकिरी फितीचा गुंता बाहेर आला. तुटली होती. तो मला "सॉरी ताई" म्हणाला. मी दुसरी कॅसेट त्याच्यापुढे केली. बोलले असते तर वाईट बोलले असते.

दुसऱ्या कॅसेटवर प्रोग्राम नव्हताच. कुणीतरी त्यावर गणपतीतल्या आरत्या भरून ठेवल्या होत्या. टाळ, टाळ्या, पंधरा-वीस माणसं एकदम. सासूबाईंचा वरचा सूर मी लगेच ओळखला. माझ्या दिरांचा भसाडा आवाज ओळखला. शेजारच्या वहिनी एका ओळीने मागे असायच्या, त्याही ओळखल्या. हे तिथे होतेच. यांच्याशिवाय आमच्या घरात आरती व्हायची नाही. म्हणजे यांचा आवाज त्या क्षणी त्या केबिनमध्ये भरून राहिला होता, माझ्या अंगावर येत होता, आणि मला तो बाकीच्यांतून वेगळा काढता येईना. मी डोळे मिटले. एकेक आवाज बाजूला सारत गेले. शेवटी उरले ते टाळ. मुलीने हळूच विचारलं, "बाबा कुठले?" मी म्हटलं, "ऐक ना, सांगते." आरती संपली तरी मला सांगता आलं नाही.

मग तिसरी. गॅरेजवाल्याने ती लावायच्या आधी स्पिरिटने टेपचं हेड दोनदा पुसलं. घरची असल्यासारखी काळजी घेतली त्याने. बटण दाबलं. खरखर झाली, आणि एक बाई बोलली. तरुण, खणखणीत आवाज. तिने नाव सांगितलं, माझं नाव, माहेरचं, आणि पुढे म्हणाली, "नंबर चार."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "आई, ही तू आहेस."

मी होते. आणि तो आवाज ऐकताच सगळं उलगडत गेलं. मला आठवत होतं ते उलटं होतं. मशिनवर हे बसायचे आणि रेकॉर्डर माझ्याकडे असायचा. तोंड लावून बोलायचे ते मीच. मी वायर, कॅसेट, बटणं यांची जुळवाजुळव करेपर्यंत हे गॅलरीत हवा खायला जाऊन उभे राहत आणि तिथून सूचना करत. नाव घेऊन. प्रत्येक सूचनेच्या आधी नाव. हे सगळं माझ्याकडून कसं पुसलं गेलं होतं, मला माहीत नाही.

टेप पुढे चालत होता. नंबर सांगून झाल्यावर नुसती खरखर होती, दोन-तीन श्वासांएवढी. त्या रेकॉर्डरची एक खोड होती. जवळून मोठ्याने बोललं की त्यानंतर थोडा वेळ त्याला लांबचं ऐकू यायचं नाही. आम्हाला ते माहीत होतं, पण प्रोग्राम उतरवताना त्याचा काय त्रास? त्या खरखरीत मी कान घातला. काही नव्हतं. आणि मग एकदम, अगदी जवळून, तीच बाई पुन्हा बोलली.

"ओ! आले, आले."

खट्ट करून वायर लागली आणि चिरका आवाज सुरू झाला.

"पुन्हा लावा," मी म्हटलं. त्याने लावली. नाव, नंबर, खरखर, "ओ! आले, आले." पुन्हा. आवाज वाढवला. खरखर वाढली. मुलीने फोन काढून ते सगळं भरून घेतलं, कानाला लावून ऐकलं आणि म्हणाली, "आई, यात बाबा नाहीत गं." मी म्हटलं, आहेत. मधे आहेत. "मधे काहीच नाही," ती म्हणाली. गॅरेजवाल्याने टेप थांबवला. तो म्हणाला, "ताई, हाक मारल्याबिगर कोन ओ दील?"

त्या खरखरीत यांनी गॅलरीतून मला हाक मारली आहे. मी ऐकू शकले नाही, पण टेपवरच्या त्या मुलीला ती ऐकू आली होती. तिने लगेच उत्तर दिलं. मी ते उत्तर इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला त्यातला सूर कळला. तो प्रेमाचा नव्हता, लाजरा नव्हता. वैतागलेला होता. दिवसभरात शंभरदा नाव घेणारा माणूस जिच्या घरात आहे, ती बाई जशी वैतागते तसा.